'मुरलीधर खुनी का?' पाहुण्याने विचारलं आणि मी गप्प

ओसरी | सोमवार, रात्री ९:४०

नवऱ्याच्या ऑफिसातले एक सहकारी गुवाहाटीहून बायकोसह आले होते. तीन दिवस आमच्याकडेच मुक्काम. मी जन्माने सदाशिव पेठेतली, लग्नानंतर कोथरूड. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढी एक नदी ओलांडली. त्यामुळे पुणं दाखवायचं म्हटल्यावर पदर खोचला आणि यादीच काढली.

पहिला नंबर अर्थातच शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्यापाशी दोघं एकदम खूश. ते अणकुचीदार खिळे, ते बुरूज, फोटोंवर फोटो. आत गेलो. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "महल किधर है?"

मी जोत्यांकडे हात केला. हा काय, इथे होता. १७३२ला वास्तुशांत झाली, २७ फेब्रुवारी १८२८ला आग लागली, लाकूडकाम सगळं गेलं, दगड उरला. दोघांनी सभ्यपणे माना डोलावल्या. पाच मिनिटांनी ते हिरवळीवर बसून मोबाइल बघत होते. आणि मला राग येत होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारी एक कुटुंब आलं, बोलण्यावरून लातूरकडचं. आजोबांनी नातवाला एका जोत्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "हितनं पळाला बघ नारायणराव. काका, मला वाचवा म्हणत." पोराचे डोळे एवढे मोठे. मी आजोबांना विचारलं, याआधी कधी आला होतात? तर म्हणाले, "न्हाई ओ ताई, पयल्यांदाच."

तेही पहिल्यांदाच, आमचे पाहुणेही पहिल्यांदाच. जोतं तेच. आजोबांना तिथे अख्खा वाडा दिसत होता, पाहुण्यांना बाग.

दुसऱ्या दिवशी पेठेतून चालत निघालो. त्यांना देवनागरी वाचता येतं. एका वळणावर थांबून त्यांनी पाटी वाचली, "खुन्या मुरलीधर", आणि माझ्याकडे वळून विचारलं, "खुन्या मतलब? खूनवाला? कृष्ण भगवान?"

खरं सांगते, मी दचकले. माझी शाळा तिथून दोन गल्ल्यांवर. "खुन्यामुरलीधरापाशी डावीकडे वळ" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल, म्हटलंही असेल. पण त्या शब्दात खून आहे हे मला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं. (मूर्ती बसवायच्या वेळी मारामारी होऊन माणसं मेली म्हणून हे नाव, एवढं मला माहीत होतं. लहानपणी ऐकलेलं. पण माहीत असणं आणि ऐकू येणं वेगळं.)

झालं! दोघांनी माझी यादी बाजूला ठेवली आणि देवांची नावं गोळा करायला लागले. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती. डुल्या मारुतीसाठी तर रिक्षा केली. पानिपताच्या वेळी हा मारुती डुलला अशी आख्यायिका आहे, हे सांगितल्यावर वहिनी पाच मिनिटं मूर्तीकडे टक लावून. बहुतेक पुन्हा डुलतो का ते बघत होत्या.

तर मंडळी, प्रश्न असा. गावाची ओळख असली की गाव जास्त आवडतं की कमी? त्या आजोबांना ओळखीमुळे दिसलं. मला ओळखीमुळेच दिसेनासं झालं. तुमच्या गावात पाहुणा आला तेव्हा काय झालं ते लिहा.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:०५

मस्त लिहिलंयस गं. माझी कोलकात्याची मैत्रीण आली होती तिने पर्वती, सारसबाग सगळं "छान छान" करत पाहिलं आणि खरी रमली कशात? "दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील. उगीच बेल वाजवू नये." घरी जाऊन या पाट्यांचा वेगळा अल्बम केला तिने. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो, तिला ती शहराची सही वाटली.

---

मध्यमपदलोपी | सोमवार, रात्री १०:३१

अतिपरिचयादवज्ञा संततगमनादनादरो भवति।
मलये भिल्लपुरन्ध्री चन्दनतरुकाष्ठमिन्धनं कुरुते॥

फार ओळख झाली की किंमत राहत नाही. मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाचं लाकूड चुलीत घालते. सगळं आधीच सांगून ठेवलंय.

---

कडू_कारलं | सोमवार, रात्री १०:३८

हे सुभाषित दहा प्रतिसादांच्या आत येणार अशी घरात पैज लावली होती. दुसऱ्यातच आलं. जिंकलो.

पण मला त्या भिल्लिणीची बाजू घ्यायची आहे. तिला स्वयंपाक करायचाय हो! तिच्या दारात चंदन आहे म्हणून तिने रोज त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायचं का? पोरांना जेवायला कोण घालणार? श्लोक लिहिणारा मलय पर्वतावर राहत नव्हता, हे नक्की. तो पर्यटक होता.

---

मध्यमपदलोपी | सोमवार, रात्री १०:५२

@कडू_कारलं, मुद्दा बरोबर आहे, पण मान्य करणार नाही.

---

गिरगाव_व्हाया_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ७:५५ (लोकलमधून)

कारल्याच्या भिल्लिणीत मी स्वतःला पाहिलं.

वीसहून जास्त वर्षं झाली, रोज सीएसएमटीला उतरतोय. आमच्यासाठी ती इमारत म्हणजे इंडिकेटर, सबवे, आणि पावसाळ्यात निसरडी होणारी फरशी. २००४ला युनेस्कोच्या यादीत आली तेव्हा पेपरात वाचलं, तोच पेपर घडी करून उभ्याने वारा घेतला.

मग गेल्या वर्षी गोंदियाची मावसबहीण मुलांना घेऊन आली. रविवार, मेगाब्लॉक, गाड्या उशिरा. वेळ काढायचा म्हणून रस्ता ओलांडून समोर उभे राहिलो. भाचीने विचारलं, "मामा, त्या गेटवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ का?"

एवढी वर्षं. मला तिथे सिंह-वाघ आहेत हेच ठाऊक नव्हतं. नंतर वाचून काढलं. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. १८७८ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, आराखडा स्टीव्हन्स नावाच्या इंजिनिअरचा. आणि भिंतींवरचे मोर, माकडं, पानंफुलं यांत आपल्या जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आता रोज उतरलो की एक तरी नवा प्राणी शोधतो. परवा एकाने मागून धक्का मारून "काका, चला ना पुढे" म्हटलं. बरोबरच आहे त्याचं. ८:४७ची गाडी फलाटावर रिकामी होत असताना वर बघणारा माणूस म्हणजे वाहतुकीला अडथळा.

पण बहिणीचं सांगायचं राहिलं. ती मुंबईत पहिल्यांदा आली होती. तिला मुंबई नवी होती का? अजिबात नाही! मरीन ड्राइव्हवर पोचल्यावर ती म्हणाली, "हो, असंच आहे." गेटवेपाशी पुन्हा, "हो, असंच आहे." सिनेमात पाहिलेलं ती पडताळून बघत होती. शाळेत बेरजेचा ताळा करायचो ना, तसं. ताळा जमला की खूश. राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवलं, १८७२चं, इतकं देखणं की बस. आवारात तो दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून परदेशी लोकांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. तिला तिथे काही वाटलं नाही. कारण ते सिनेमात नव्हतं, ताळा कशाशी करणार?

---

ओसरी | मंगळवार, सकाळी ९:१०

ताळा! मला दोन दिवस हाच शब्द सापडत नव्हता. लातूरचे आजोबाही ताळाच करत होते. फक्त त्यांचं गणित पडद्यावरून नाही, लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतून आलं होतं.

---

विदर्भएक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ९:४५

पुण्यात बघण्यासारखं काही नाही, हे पुणेकरांनी एकदा मान्य करून टाकावं. आजूबाजूला गड आहेत म्हणून चाललंय. बाकी ट्रॅफिक आणि मिसळ. मिसळही नाशिकची बरी.

---

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ९:५०

मिसळीवर कोणीही बोलायचं नाही. मागच्या धाग्याचं काय झालं आठवतंय ना?

---

अकोल्याचा | मंगळवार, दुपारी १:२०

मी या चर्चेत कुठेच बसत नाही, म्हणून लिहितो.

मूळचा अकोल्याचा, अकरा वर्षं पुण्यात, हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट. पाहुणा म्हणायचं तर आधार कार्डावर पुण्याचा पत्ता. पुणेकर म्हणायचं तर कसबा पेठेत मी एकदाही गेलेलो नाही. केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, विश्रामबागवाडा, काही काही पाहिलेलं नाही. शनिवारवाड्यावरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा रिक्षात, दोन्ही वेळा पाऊस.

कारण एकच. "कधीही बघता येईल." लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, दिवेआगर सगळं झालं, कारण तिथे बुकिंग करावं लागतं. आई-बाबा अकोल्याहून आले की त्यांना प्रति शिर्डीला नेतो. मला पुण्याची ओळख नाही, पण ओळख आहे असा समज पक्का आहे. आणि हा समज ओळखीपेक्षा वाईट आहे. अनोळखी गाव असतं तर निदान नेटवर "काय बघावं" असं शोधलं असतं.

आमच्या सोसायटीत असे निम्मे तरी असतील.

---

कडू_कारलं | मंगळवार, दुपारी १:३५

@अकोल्याचा, पहिला प्रामाणिक प्रतिसाद. बाकीचे (मी धरून) साहित्य लिहीत होते.

---

प्राध्यापक_निवृत्त | मंगळवार, दुपारी ४:१५

मानसशास्त्र शिकवत होतो म्हणून चार ओळी. कंटाळा आला तर सोडून द्या.

१९६८ साली रॉबर्ट झायन्स यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. काही एकदा, काही अनेकदा. मग विचारलं की यातलं काय चांगलं वाटतं. जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं होतं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. अर्थ कळत नसतानाही. म्हणजे मध्यमपदलोपी यांच्या श्लोकाच्या बरोबर उलट.

मग खरं काय? माझ्या मते दोन्ही, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. अजिबात न ऐकलेल्या गावाला कोणी मुद्दाम जात नाही. दहा वेळा नाव ऐकलं, चार फोटो पाहिले, एखादा सिनेमा पाहिला की गाव आपलंसं वाटू लागतं आणि माणूस तिकीट काढतो. गिरगावकरांची बहीण अशी आली. पुढे गाव रोजचं झालं की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते तशी. ओसरींना खुन्या मुरलीधरातला खून ऐकू येईनासा झाला तो याच कारणाने. पण याचा अर्थ त्यांचं प्रेम आटलं असा नव्हे. उद्या त्या पाटीवर कोणी "श्री मुरलीधर मंदिर" असं गुळगुळीत नाव लिहिलं तर पहिलं निषेधाचं पत्र त्यांचंच असेल.

---

ओसरी | मंगळवार, दुपारी ४:२२

सर, मजकूर तयार आहे.

---

कावेरीकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

नवऱ्याच्या बदलीमुळे सहा वर्षं तिरुचिरापल्लीत आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की तंजावरला नेणं ठरलेलं. बृहदीश्वराचं मंदिर, राजराजा चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेलं. भव्य म्हणजे किती भव्य! सगळे मान वर करून बघतात, "बापरे" म्हणतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात चपलांकडे निघतात. मंदिराने थक्क केलं खरं, पण आत जायला फट ठेवली नाही. कोणता राजा, कोणती लढाई, कोणता देव कशासाठी, काहीच आपलं नाही.

मग मी त्यांना प्राकाराच्या भिंतीकडे नेते. काही सांगत नाही, नुसती उभी करते. आणि मग एकदम कोणीतरी ओरडतं, "अगं, हे मराठी आहे!"

१८०३चा शिलालेख आहे, दुसऱ्या सरफोजीराजांच्या वेळचा, भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरलेला. देवनागरी अक्षरं, जुनी मराठी. लांबच लांब. माझे सासरे, ज्यांना देवळात गुडघे दुखत होते म्हणून खुर्ची शोधत होते, ते त्या भिंतीपाशी पाऊण तास उभे होते. बोटाने एकेक अक्षर लावत. शब्द लागला की पोरासारखे माझ्याकडे बघायचे. शेजारून तमिळ कुटुंबं जात होती, त्यांच्यापैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही. का बघावं? त्यांच्यासाठी ती कोपऱ्यातली कसलीतरी नक्षी. जसं आपण पुण्यातल्या एखाद्या फारसी लेखावरून पुढे जातो.

त्या दिवसानंतर सासरे फोनवर "तंजावर" म्हणत नाहीत, "आपलं तंजावर" म्हणतात. राहिले होते एकूण चार तास.

काशीलाही हेच पाहिलंय. गंगेवर नावेत बसलेला मराठी माणूस आधी मुकाट असतो. नावाडी "सिंधिया घाट", "भोसले घाट", "अहिल्याबाई घाट" म्हणायला लागला की सरसावून बसतो, आणि पुढचे घाट तोच नावाड्याला सांगायला लागतो. चुकीचे.

---

विदर्भएक्सप्रेस | मंगळवार, रात्री ८:५१

"चुकीचे" ला हसलो. माझे वडील होते ते.

---

मळ्याशेजारी | बुधवार, सकाळी ११:००

पणजीहून लिहिते. तुम्ही सगळे पाहुण्यांच्या आणि यजमानांच्या गोष्टी सांगताय. ज्यांच्याकडे न बोलावता पाहुणे येतात त्यांचंही ऐका.

मळा-फोंतेन्यास हा आमचा भाग. जुनी घरं, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती, छोटे सज्जे, मधून अरुंद रस्ता. आम्ही लहान असताना इथे दुपारी कुत्रंही हलत नसे. मग सिनेमे आले, मग फोनवरचे फोटो आले. आता सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणीतरी पोझ देऊन बसलेलं असतं. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, कपडे बदलायला जागा विचारतात. एकदा माझ्या मावशीला एका मुलीने सांगितलं, "आंटी, जरा बाजूला व्हाल का? फ्रेममध्ये येताय." मावशी स्वतःच्याच सज्जात उभी होती. फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. त्या पाट्यांचेही फोटो काढतात. (@खडीसाखर, हे तुमच्या मैत्रिणीला उद्देशून नाही. थोडंसं आहे.)

गिरगावकरांचा ताळा मला फार पटला, कारण आमच्याकडे ताळ्याशिवाय काही उरलेलंच नाही. फोटोत पाहिलेली पिवळी भिंत शोधायची, तिच्यापुढे तसंच उभं राहायचं, निघायचं. शेजारी सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल आहे, तिकडे वळून बघायला वेळ नाही. व्हेनिसने २०२४च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्यांना ५ युरो लावले तेव्हा आमच्या गल्लीत त्यावर फार गंभीर चर्चा झाली होती. मावशीचं म्हणणं, पैसे नकोत, नुसतं "देव बरें करूं" म्हटलं तरी चालेल.

मला माझी गल्ली दिसते हो. रोज दिसते. कोणाच्या कुंडीला फूल आलं, कोणाची खिडकी दोन दिवस बंद आहे, सगळं दिसतं. फक्त भिंतीचा रंग दिसत नाही.

---

कडू_कारलं | बुधवार, सकाळी ११:२४

भिल्लीण स्वतः बोलली. मी आता गप्प बसतो.

---

वाटाड्या_पेठांतला | बुधवार, रात्री ९:००

उशिरा आलो, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय. नऊ वर्षं रविवारी सकाळी पेठांमधून लोकांना पायी फिरवतो.

पहिलं निरीक्षण: येणारे बहुतेक पुण्याचेच. सुरुवातीला मला वाटलं होतं परगावचे येतील. परगावचा माणूस विचारतो, "हे काय आहे?" पुणेकर म्हणतो, "हे इथे होतं?" दुसऱ्या प्रश्नात थोडी चिडही असते, कोणीतरी आपल्यापासून लपवून ठेवल्यासारखी. पाताळेश्वराला हमखास. जंगली महाराज रस्त्यावरून रोज जाणारे लोक आठव्या शतकातल्या लेण्यात उभे राहून मला विचारतात, "हे ओरिजिनल आहे का?" तो गोल नंदीमंडप बघून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या मागे होतं हे. आम्ही इथे फक्त डबा खायला यायचो." मी म्हटलं, म्हणजे पाहिलंय की. म्हणाले, "नाही हो. डबा पाहिला."

दुसरं: २०१५च्या डिसेंबरात तो बाजीराव-मस्तानीचा सिनेमा आला, त्यानंतर कितीतरी दिवस शनिवारवाड्यात आरसे शोधणारे लोक भेटायचे. आरसेमहाल कुठे, नाचली ती जागा कुठे. मी सांगायचो, मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात मांडून ठेवलेत, तिकडे जा. बरेच जण गेलेही. आरसे नाहीत म्हणून काही चिडले. पण काही जण त्या निमित्ताने पेशवाईत शिरले आणि अजून बाहेर आलेले नाहीत. खोट्या ओळखीनेही माणूस दारापर्यंत येतो. पुढे न्यायचं काम दारात उभ्या असलेल्याचं.

तिसरं: गोष्ट आधी सांगितली तर दगड दिसतो, दगड आधी दाखवला तर गोष्ट ऐकू येत नाही. म्हणून मी शनिवारवाड्यात एकदम जात नाही. आधी कात्रजची गोष्ट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या आसपास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी गावात आणलं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. वाटेत हौद, मधेमधे हवेसाठी दगडी उच्छ्वास. एक-दोन हौद दाखवतो, लोक वाकून बघतात. मग वाड्यात गेलो की तिथली कोरडी कारंजी त्यांना कोरडी दिसत नाहीत.

आणि ओसरीताई, तुमच्यावर मात्र माझा राग आहे. गुवाहाटीचे पाहुणे! आणि तुम्ही त्यांना सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला नेलं नाही?

---

ओसरी | बुधवार, रात्री ९:१२

नाही नेलं. (आवाज खाली) मी स्वतः गेलेले नाही.

काय आहे तिथे?

---

वाटाड्या_पेठांतला | बुधवार, रात्री ९:१५

सांगत नाही. जा.

---

ओसरी | रविवार, रात्री ८:४५

आज गेले. सासूबाईंना घेऊन गेले, कारण त्यांना घरात बसून कंटाळा आला होता आणि मला एकटीने जायचा धीर होत नव्हता. स्वतःच्या गावात एकटीने देऊळ बघायला जायला धीर लागतो, हे आज कळलं. वाटतं, कोणी ओळखीचं भेटलं आणि "इकडे कुठे?" विचारलं तर काय सांगायचं?

आधी वाटेत केळकर संग्रहालय केलं. शाळेच्या सहलीनंतर थेट आज. मला वाटलं होतं सासूबाई भारावतील. अडकित्त्यांच्या कपाटापुढे त्या थांबल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "असला आमच्याकडे होता. पितळेचा, मोराचा. भंगारात दिला, चौदा रुपयांना." पुढे दिवे. "हे दोन होते." पुढे पाटा. "हा अजून आहे, माळ्यावर." अख्खं संग्रहालय त्या घरातली यादी तपासावी तसं तपासत गेल्या. गिरगावकर, ताळाच, पण कसला ताळा! दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने हे सगळं जमवलं आणि १९७५ला सरकारला देऊन टाकलं, हे मी सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोराचा द्यायला नको होता." घरी येईपर्यंत तीनदा म्हणाल्या.

मग सोमवार पेठ. रिक्षावाल्याला माहीत नव्हतं, पानवाल्याला माहीत होतं. बाहेरून कळतच नाही. गल्लीत वळलं की एकदम काळ्या दगडाची दर्शनी भिंत, सगळी कोरलेली. हत्ती, द्वारपाल, पोपट. १७५४ ते १७७०च्या सुमाराचं बांधकाम, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख, गणपतीला तीन सोंडा आणि तो मोरावर बसलेला. पुजाऱ्यांनी सांगितलं, खाली तळघर आहे, ते गुरुपौर्णिमेला उघडतात.

मी वाटाड्यांवर जरा वैतागले होते. सुंदर आहे, पण गुवाहाटीचा काय संबंध? परत फिरताना सासूबाई म्हणाल्या, "ही म्हैस अशी का गं?"

म्हैस नव्हती. गेंडा होता. एकशिंगी गेंडा, आणि बंदुका घेतलेले गोरे शिपाई त्याला साखळीने बांधतायत. अडीचशे वर्षांपूर्वी, सोमवार पेठेत.

मी फोटो काढून गुवाहाटीला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. पंधरा मिनिटं काही उत्तर नाही. आम्ही मंडईत भाजी घेत होतो तेव्हा फोनच आला. वहिनी. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "ये तो हमारा है! इसको बांधा क्यों है?"

मला सांगता आलं नाही. इंग्रजांनी बंगाल-आसामचा मुलूख घशात घातला त्याचं ते चित्र, असं म्हणतात, एवढं पुजाऱ्यांकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला, मग दोघांनी मिळून शंभर प्रश्न. शिपाई किती? शिंग किती? कोणी बांधलं हे देऊळ? तुम्ही आम्हाला तिकडे का नाही नेलं? जानेवारीत पुन्हा येतायत. शनिवारवाडा नको म्हणाले. गेंडा बघायचा आहे.

सासूबाईंनी शेवटी मेथी घेतली, दोन जुड्या, घासाघीस करून.

---

कावेरीकाठ | रविवार, रात्री ९:०२

"ये तो हमारा है." माझे सासरे भिंतीपाशी हेच म्हणाले होते.

---

मध्यमपदलोपी | रविवार, रात्री ९:१०

श्लोक मागे घेतो. तात्पुरता.

---

अकोल्याचा | रविवार, रात्री ९:३१

पुढच्या रविवारी आई-बाबा येतायत. प्रति शिर्डी रद्द. त्रिशुंड गणपती, पाताळेश्वर आणि जमलं तर कसबा. वाटाड्या, जागा आहे का तुमच्यात? आणि गाडी कुठे लावायची?

---

वाटाड्या_पेठांतला | रविवार, रात्री ९:३३

जागा आहे. गाडी आणू नका.